दोन जावा आणि पानाच्या आतली बुरशी

घरात तिला सगळे थोरली म्हणत, कारण ती थोरली सून होती. कामावर तिला सगळे बाई म्हणत. औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका जुन्या संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, ती एकोणीस वर्षं नोकरीला होती. लागली होती काचसामान धुवायला. बारावीपर्यंतचं शिक्षण, त्यात धड इंग्रजी नाही. पण हात स्वच्छ आणि नजर अशी की, बाटलीच्या तळाशी राहिलेला साबणाचा डागसुद्धा सुटायचा नाही. तेव्हाच्या साहेबांनी ते हेरलं आणि दोन वर्षांत तिला धुण्यावरून काढून पानं कापायला बसवलं.

काम वरवर पाहता सोपं होतं. हिरव्यागार, निरोगी झाडाच्या आतही बुरशी राहत असते. पानाच्या, खोडाच्या, मुळाच्या पेशींच्या मधल्या फटींत ती गुपचूप वस्ती करते. झाडाला तिचा त्रास नसतो, बाहेरून काही दिसत नाही. औषधी झाडातली अशी बुरशी कधी कधी स्वतःच कामाचं रसायन बनवते, म्हणून ती बाहेर काढून ओळखायची. त्यासाठी पान आधी नळाखाली धुवायचं, मग स्पिरिटमध्ये बुडवायचं, मग ब्लीचच्या पाण्यात, पुन्हा स्पिरिटमध्ये, आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात तीनदा खळबळून घ्यायचं. पानावरचं सगळं मेलं पाहिजे आणि पानातलं सगळं जगलं पाहिजे. मग नखाएवढे तुकडे करून प्लेटमधल्या खाद्यावर ठेवायचे आणि वाट पाहायची. आठवड्याभरात तुकड्याच्या कापलेल्या कडेतून धागे डोकावतात. शेवटच्या खळबळीचं पाणीही एका वेगळ्या प्लेटवर पसरायचं. ती कंट्रोलची प्लेट. तिच्यावर काहीही उगवता कामा नये. उगवलं तर पानाचा वरचा भाग साफ झाला नव्हता, आणि बाकीच्या प्लेटांवर जे काही आलंय ते आतलं की वरचं हे देवालाही सांगता येणार नाही.

थोरलीच्या कंट्रोलवर सतरा वर्षांत चारदा उगवलं होतं. चारही तारखा तिला पाठ होत्या.

बुरशी ओळखायला ती शिकली ती बघून बघून. काचेवर निळ्या रंगाचा थेंब, त्यात धाग्यांचा चिमूटभर पुंजका, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बीजाणू. कुणाचे बीजाणू माळेत ओवल्यासारखे, कुणाचे तांदळाच्या कण्यांसारखे, कुणाला दोन-तीन शेपट्या. ती त्यांची चित्रं आपल्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं काढून ठेवी. पीएचडी करणारी मुलं पुस्तकं चाळून दमली की प्लेट घेऊन तिच्या टेबलाशी येत, आणि ती एक डोळा मिटून सांगे, ही कडुनिंबात नेहमी येते, बघा तिसऱ्या कपाटातली दोन नंबरची पेटी. सहसा चुकत नसे.

अडायचं ते काही ठरावीक बुरश्यांपाशी. त्या वाढायच्या छान, कापसासारख्या पसरायच्या, पण बीजाणू धरायच्याच नाहीत. बीजाणू नाही तर ओळख नाही. थोरली त्यांना मुक्या म्हणायची. रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्यांची वेगळी यादी होती, मुकी एकपासून मुकी एकेचाळीसपर्यंत. त्यांना बोलतं करायला तिनं काय नाही केलं? उकडलेल्या पानांचे तुकडे खायला घातले, थंडीत ठेवल्या, उन्हात ठेवल्या, उपाशी मारल्या. मुकी सात नावाची एक सदाफुलीच्या पानातली होती. तिच्यामागे ती सहा वर्षं होती.

धाकटी तिच्या दिराची बायको. चार वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा एमएस्सी झालेली होती, आणि आल्यावर दोन वर्षं नोकरीसाठी अर्ज करत घरीच बसली. हसरी मुलगी, पण हळूहळू कोमेजायला लागली. दुपारी दोनला केस न विंचरता बसलेली दिसायची. थोरलीला तिची दया आली. लॅबमध्ये डीएनएवरून बुरशी ओळखायचं नवं मशीन येणार होतं आणि ते चालवायला माणूस हवं होतं. लॅबच्या प्रमुख मॅडमच्या कानावर थोरलीनंच घातलं. मुलाखतीच्या दिवशी आपली चांगली साडी तिला नेसायला दिली, निऱ्याही तिनंच घालून दिल्या.

स्वतःच्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं ती पुढे मनात कितीदा म्हणाली, त्याला गणती नाही.

मशीनसाठी कोपऱ्यातली खोली रिकामी केली. तिला एसी बसवला, काचेचं दार लावलं, चाकांची खुर्ची आणली. थोरली एकोणीस वर्षं लाकडी स्टुलावर बसत होती आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता ते स्टूल टोचायला लागलं. मॅडम धाकटीला नावानं हाक मारत, अगं-तुगं करत, तिच्या खोलीत जाऊन चहा पीत. थोरलीशी त्या आदरानं बोलत, बाई म्हणत, आणि उभ्या उभ्याच बोलत. आदर आणि चहा ह्यातला फरक थोरलीला तेव्हा कळला.

मग मॅडम म्हणाल्या, बाईंच्या मुक्या जरा मशीनवर घालून बघू. धाकटीनं एकेचाळीस नळ्या नेल्या. बाराव्या दिवशी छापलेला कागद घेऊन आली. चौतीस मुक्यांची नावं लागली होती. मुकी सातचं नाव वरून तिसऱ्या ओळीत होतं.

"ताई, बघा ना, तुमची सात नंबरची," धाकटी म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "अगदी साधी निघाली हो. सगळीकडे सापडते म्हणे."

थोरलीनं कागद हातात घेतला, वाचला, छान म्हणाली आणि परत दिला. मग संडासात जाऊन नळ सोडून पाच मिनिटं नुसती उभी राहिली. सहा वर्षं. आणि ती साधी निघाली.

घरी तर वेगळीच तऱ्हा. सासरे निवृत्त शिक्षक होते. थोरली लॅबमध्ये काय करते, हे त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं; ती झाडांच्या हापिसात आहे, एवढंच ते शेजाऱ्यांना सांगत. त्या दिवशी जेवताना त्यांनी धाकटीला विचारलं, हे आतली बुरशी, आतली बुरशी म्हणता, तर आत म्हणजे नेमकी कुठे? धाकटीनं काकडीची चकती उचलली, साल सोलून बाजूला ठेवली आणि समजावून सांगितलं. सासऱ्यांनी घास हातातच धरून ऐकलं. मग म्हणाले, "वा. आपल्या घरात शास्त्रज्ञ आहे म्हणायचा."

काकडी थोरलीनं चिरली होती. ती भात वाढत होती. तिनं भाताचा डाव पातेल्यावर जरा जोरात आपटला, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या नवऱ्याच्या आलं. झोपायच्या आधी तो म्हणाला, तूच लावलीस ना तिला कामाला, मग आता का धुसफुसतेस? ती म्हणाली, मी कुठे धुसफुसतेय. आणि पाठ करून झोपली.

मत्सर फार मोठ्या गोष्टी करायला लावत नाही. बारीकसारीक करायला लावतो. दोघींचे डबे थोरलीच भरायची. घट्ट झाकणाचा, उघडताना नखं मोडणारा डबा ती आता आठवणीनं धाकटीला द्यायला लागली. दोघी रोज एकाच बसनं शेजारी बसून जायच्या; थोरलीनं दहा मिनिटं आधीची बस धरली, कारण सांगितलं की काचसामान लावायचंय. धाकटीनं मोकळेपणानं काही विचारलं की ती म्हणे, पद्धतीच्या कागदावर आहे सगळं. आणि तिला नेमकं ठाऊक होतं की कागदावर सगळं नाही.

त्याच सुमारास मॅडमनी धाकटीला सांगितलं की नुसतं मशीन नको, पानापासून सगळं काम एकदा तू स्वतः कर. दोन महिन्यांनी बाहेरची तज्ज्ञ मंडळी लॅबची पाहणी करायला येणार होती. कडू सालीच्या एका झुडपाची पानं आली होती. धाकटी कागद पुढ्यात ठेवून कामाला लागली. पानं सुट्टीचे दोन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती, हे थोरलीनं पाहिलं. धाकटीनं ब्लीचची सगळ्यांच्या वापरातली बाटली घेतली, तेही पाहिलं. ती बाटली उघडून तीन महिने झाले होते. उघडं ब्लीच बसून बसून मरतं, नुसता वास उरतो. थोरली स्वतःची ताजी बाटली कपाटात कुलपात ठेवायची, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं.

साठ तुकड्यांपैकी बावन्नांवर एकच बुरशी आली, हिरवट, भुकटीसारखी. शेजारच्या खोलीत तिची परीक्षा घेतली तर ती जंतूंना मारत होती. मॅडम हरखल्या. एका झुडपात एकच बुरशी एवढ्या जोमानं राहते आणि ती जंतूही मारते म्हटल्यावर कुणीही हरखेल. धाकटीनं नाव काढायला ती मशीनवर घातली. पाहणीच्या दिवशी तिनं स्वतः बोलायचं ठरलं.

थोरलीनं प्लेटा हातात घेतल्या आणि तिला एका नजरेत कळलं. धागे तुकड्याच्या कापलेल्या कडेतून आलेच नव्हते. पानाच्या पाठीवरून उठले होते. ही हिरवी तिला चांगली माहीत होती. ही हवेतून येते, कोंदट पिशवीत माजते. तिनं ट्रेच्या तळातून कंट्रोलची प्लेट काढली. धाकटीनं ती तिसऱ्या दिवशी पाहून स्वच्छ अशी नोंद केली होती आणि पुन्हा पाहिली नव्हती. आज सहावा दिवस होता. प्लेटवर पाच हिरवे ठिपके होते.

वापरलेल्या प्लेटा वाफेच्या भट्टीत टाकून नष्ट करणं हे थोरलीचंच काम होतं. तिनं ती प्लेट इतर टाकाऊ प्लेटांच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि भट्टीत ठेवून झाकण आवळलं.  आतून गार वाटलं. आता धाकटी सगळ्यांसमोर उभी राहील, बोलेल, लेख छापून येईल, आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसरीकडचं कुणीतरी तेच करून पाहील आणि म्हणेल, छे, ह्यात काही नाही. मग बघू शास्त्रज्ञ.

चार दिवस ती अशी गार राहिली. पाचव्या दिवशी मॅडमनी दोघींना बोलावलं आणि विचारलं, कंट्रोल स्वच्छ होतं ना? धाकटी हो म्हणाली. तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. मॅडम थोरलीकडे वळल्या. "बाई, तुम्ही बघितलंत ना? तुमच्या रजिस्टरला नोंद करून टाका, म्हणजे मी निश्चिंत."

थोरलीनं मान हलवली. कशी हलवली, तिचं तिलाच कळलं नाही.

टेबलाशी येऊन तिनं रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली, झाडाचं नाव लिहिलं, तुकडे साठ लिहिलं. मग कंट्रोल असं लिहून पेन थांबलं. ह्या रजिस्टरमध्ये तिनं सतरा वर्षं लिहिलं होतं. मूल तापानं फणफणलेलं असताना लिहिलं होतं, आई गेल्यावर तेराव्या दिवशी परत येऊन लिहिलं होतं. चुकलेलं लिहिलं होतं, पण खोटं एक अक्षर नव्हतं. लॅबमध्ये तिला जे काही मोल होतं, ते ह्या रजिस्टरमुळे होतं. पदवी तिच्याकडे नव्हतीच. धाकटीचं नाक कापायचं तर आधी ह्या पानावर खोटं लिहावं लागणार होतं, आणि तेही तिच्याच अक्षरात.

धाकटीची कीव तिला त्या घटकेला आली नव्हती, हे खरं सांगायला हवं. तिला राग आला होता, की हिच्यापायी माझं रजिस्टर बाटणार.

तिनं लिहिलं : कंट्रोल, सहाव्या दिवशी वाढ, पाच ठिपके, हिरवी. प्लेट मी कुणाला न दाखवता नष्ट केली. ब्लीच जुनं होतं, मला माहीत होतं. खाली सही केली आणि रजिस्टर उघडंच नेऊन मॅडमपुढे ठेवलं.

मॅडमनी दोनदा वाचलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आणि पुढचे तीन महिने रजिस्टर दुसऱ्याकडे दिलं. पाहणीतून धाकटीचं भाषण काढलं. थोरली परत काचसामानावर गेली. मुलं तिच्याकडे प्लेटा आणायची बंद झाली. का बंद झाली, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

धाकटी रडली ती एसीच्या खोलीत, काचेच्या दाराआड. म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी. घरी मात्र तिनं चकार शब्द काढला नाही. सासऱ्यांना सांगितलं, भाषण पुढे ढकललंय. आठवडाभर दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना ओलांडून वावरत होत्या. मग एका रविवारी सकाळी धुतलेले कपडे वाळत घालताना धाकटी एकाएकी थांबली.

"ताई, मी तुम्हांला तिथे नको होते का?"

थोरलीच्या हातात ओली चादर होती. तिनं ती झटकली, दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या.

"नको होतीस," ती म्हणाली. "मीच आणलं तुला, आणि दुसऱ्याच महिन्यात नकोशी झालीस. माझ्याजवळ तेवढंच होतं गं. सहा वर्षं मी त्या सातच्या मागे होते, आणि तू म्हणालीस, साधी निघाली."

धाकटी बराच वेळ चिमटे लावत राहिली. शेवटी म्हणाली, मला कळलं नाही हो तेव्हा. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि थोरलीनंही मागितलं नाही. पण बादली रिकामी झाल्यावर धाकटीनं विचारलं, उद्या ब्लीच कुठलं घ्यायचं ते दाखवाल?

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा एकाच, साडेनऊच्या बसनं गेल्या. झुडपाची ताजी पानं त्याच सकाळी आणवली. मॅडमची परवानगी धाकटीनं काढली. ती कशी काढली, हे तिनं कधी सांगितलं नाही. थोरली तिच्यामागे उभी राहून सांगत होती, चिमटा ज्योतीतून काढलास की मनात दहा मोज, नाहीतर पान भाजेल. टिपकागदावर पान दाबू नकोस, नुसतं टेकव. ह्यातलं काहीही कागदावर नव्हतं. कंट्रोल पंधरा दिवस स्वच्छ राहिलं. साठ तुकड्यांपैकी नऊच तुकड्यांतून बुरशी आली, प्रत्येकाच्या कडेतून, हळूहळू, जशी यायला हवी तशी. आठ ओळखीच्या होत्या. नववी करड्या रंगाची, मुकी.

ती मशीनवर घातली तर मशीनही मुकं झालं. जगभरातल्या नोंदींत तिच्याशी जुळणारं काही सापडेना. जे सर्वांत जवळचं सापडलं, ते इतकं लांबचं होतं की नाव द्यायची सोय नव्हती. मॅडम म्हणाल्या, हिचे बीजाणू दिसल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि त्यांनी रजिस्टर, तीन महिने पुरे व्हायच्या आत, थोरलीच्या टेबलावर आणून ठेवलं. स्टूल ओढून त्या तिच्याजवळ बसल्याही. चहा मात्र मागवला नाही.

थोरलीनं त्याच झुडपाच्या काड्या उकळून प्लेटमध्ये रोवल्या आणि ती करडी त्यांच्यावर सोडली. प्लेटा खिडकीपाशी ठेवल्या, दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार मिळेल अशा. पाच महिने काही नाही. सहाव्या महिन्यात काड्यांच्या सालीवर मोहरीहून बारीक काळे दाणे दिसले. तिनं एक दाणा निळ्या थेंबात फोडला, डोळा लावला, आणि बराच वेळ काढला नाही. मग उठली आणि काचेच्या दारावर टकटक केली. मॅडमना नंतर सांगितलं. आधी धाकटीला दाखवलं.

त्यावर लेख छापून आला. लेखकांत तीन नावं होती : मॅडमचं, धाकटीचं, आणि तिसरं थोरलीचं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव इंग्रजीत छापलेलं पाहिलं. दोन दिवस ती तरंगत होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की दाणे मी धरवले आणि दुसरं नाव हिचं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. सासऱ्यांनी वहाणा घालून लेख शेजारी नेऊन दाखवला. तिथे ते म्हणाले, दोन्ही सुनांचं नाव आहे. थोरलीला वाटलं, दोन्ही कशाला म्हणायला हवं होतं?

धाकटी पुढच्या वर्षी पीएचडीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दीरही बदली घेऊन गेला. एसीच्या खोलीत एक चष्मेवाला मुलगा आला, कामसू आणि अबोल. त्याच्याबद्दल थोरलीला काहीच वाटत नसे, चांगलं नाही की वाईट नाही. डबा एकच भरायचा असे. बसमध्ये शेजारची जागा कुणीही घेई.

रविवारी धाकटीचा फोन येई. सासऱ्यांशी बोलून झालं की ती थोरलीला मागायची आणि अर्धा-अर्धा तास लॅबचं बोलायची. एकदा म्हणाली, इथे पानं कापायला एक बाई आहेत, ताई, काय हात आहे त्यांचा. मला सगळं नव्यानं शिकवलं. इतक्या प्रेमानं शिकवतात की काय सांगू.

थोरलीला ओळखीचं काहीतरी टोचलं. 

"किती वर्षं झाली त्यांना तिथे?" तिनं विचारलं.

"आठ असतील."

"आठच का," थोरली म्हणाली. मग तिनं विचारलं की दिवाणखान्यातला पडदा धाकटीनं जायच्या आधी शिवायला दिला होता, तो कुठल्या दुकानात दिला होता, कारण तो अजून आलेला नाही.